एका पेटीची तीन प्रकरणे

घरातून निघून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर, दाराला कुलूप लावले की नाही अशी शंका येऊन जी माणसे परत फिरतात, त्या ज्ञातीचा मी जन्मसिद्ध सभासद आहे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनापासून अव्वल कारकुनापर्यंत तेहेतीस वर्षे काढताना हा स्वभाव मला उपयोगीच पडला; कारण सरकारी दप्तरात पुढे धावणाऱ्यापेक्षा मागचे पान उलटून पाहणाऱ्याची नोकरी अधिक सुरक्षित असते. शिवाय माझ्या या मागे फिरण्याने आजवर कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नव्हते. कुलूप चार वेळा ओढून पाहिले म्हणून त्याची चार कुलपे होत नाहीत आणि शेगडी बंद आहे ना, हे सात वेळा पाहिले म्हणून गॅसचे बिल सातपट येत नाही. जगाच्या या सोशिकपणावर विसंबून मी सत्तरी गाठली, आणि ती गाठल्यावर संगणकावरून आंबे मागवले.

वैशाखाच्या तोंडावरची ती दुपार मला अद्याप लख्ख आठवते. देवगडच्या हापूसची पाच डझनांची एक पेटी, पैसे माल पोचल्यावर, अशी सुबक तरतूद असलेले एका विक्रेत्याचे संकेतस्थळ मला सापडले. मी त्यावरचा फॉर्म, जसा आयुष्यभर लोकांकडून भरून घेत आलो तसाच, एकही रकाना रिकामा न ठेवता भरला आणि ‘मागणी नोंदवा’ या कळीवर बोट ठेवले. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. ते इतका वेळ फिरले, की मला माझ्याच कचेरीची आठवण होऊन थोडे गहिवरल्यासारखे झाले. अखेर सारे पान पांढरेफटक होऊन मधोमध एक इंग्रजी वाक्य व 504 हा आकडा तेवढा उरला. जुन्या भारतीय दंडसंहितेतील कलम 504 हे समोरच्याने शांततेचा भंग करावा म्हणून त्याचा बुद्धिपुरस्सर अपमान करण्याबद्दलचे आहे, हे मला फौजदारी शाखेतील दोन वर्षांमुळे ठाऊक होते. तेव्हा आकड्याची निवड मला अगदी समर्पक वाटली, आणि अपमानित मनुष्याने जे करावे तेच मी केले. मी मागे फिरलो.

ब्राउझरच्या डाव्या कोपऱ्यातील डावीकडे तोंड केलेला तो छोटा बाण मला प्रथमपासूनच प्रिय आहे. तो दाबताच माझा भरलेला फॉर्म जसाच्या तसा पुढे उभा राहिला. त्यावरून, अर्ज माझ्याच हातात आहे त्या अर्थी तो दाखल झालेला नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि पुन्हा कळ दाबली. चक्र पुन्हा फिरले, पुन्हा तेच कलम लागू झाले. मग मी पान ताजे करण्याची, ज्याला घरातील सर्वजण रिफ्रेश म्हणतात ती कळ दाबली. त्यावर ब्राउझरने, तुम्ही मघाशी भरलेली माहिती पुन्हा पाठवावी लागेल, चालेल काय, अशा अर्थाचा एक नम्र प्रश्न केला. कोणी नम्रपणे विचारले तर नाही म्हणू नये, हा आमच्या घराण्याचा शिरस्ता असल्यामुळे मी ‘हो’ म्हटले. या खेपेस धन्यवादाचे पान आले, आणि चिकाटीने काय साध्य होत नाही, असा सात्त्विक विचार मनात आणून मी वामकुक्षीस गेलो.

चौथ्या दिवशी दारात तीन पेट्या उतरल्या.

“तीन ऑर्डरी आहेत, आजोबा,” पेट्या आणणारा मुलगा म्हणाला, आणि त्याने तीन चिठ्ठ्या पुढे केल्या. तिन्हींवर माझेच नाव, माझाच पत्ता, घराजवळची खूण म्हणून मी लिहिलेले तेच पिठाच्या गिरणीचे नाव. क्रमांक मात्र तीन निराळे. एकदा दाखल झालेले प्रकरण ‘माझ्याकडून चुकून झाले’ असे सांगून मागे घेता येत नाही, हे मी तेहेतीस वर्षे शेकडो पक्षकारांना ऐकवत आलो होतो. आता तेच स्वतःला ऐकवून तिन्ही पेट्यांचे पैसे मोजले. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून डोकावून एवढेच विचारले, “अहो, घरात कार्य काढलंय, ते मला सांगितलं तरी असतंत!”

माणसे दोन आणि आंबे एकशे ऐंशी, हे गणित ज्याला कागदावर सोपे वाटते त्याने हापूस पिकताना पाहिलेला नाही. आंब्याची अढी म्हणजे सरकारी खाते नव्हे. तेथे कामास मुदतवाढ मिळत नाही. पेंढ्यातून पाच दिवस शांत बसलेले ते एकशे ऐंशी आंबे सहाव्या दिवशी सर्वानुमते पिकले. आम्ही न्याहारीला आंबा, जेवणात आमरस, चहाच्या वेळी फोडी आणि रात्री पुन्हा रस, असा कार्यक्रम आखला. गच्चीत आंब्याची साठे वाळत घातली. शेजारीपाजारी डझनाडझनाने वाटले. परंतु भरून दिलेले भांडे रिकामे परत करू नये, ही चाल आमच्या इमारतीत अजून पाळली जात असल्याने, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमचे पातेले स्वतःच्या पेटीतील आठ आंबे घालून परत पाठवले, तेव्हा माझा धीर खचला आणि हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याला मी फोन करून बोलावले.

त्याने सगळी हकिगत ऐकली, दरम्यान सहा आंबे संपवले, आणि हात धूत म्हणाला, “मामा, तुम्ही पोस्ट तीनदा पाठवलीत.”

“पोस्टाचा काय संबंध?” मी म्हणालो, “आंबे तर कुरिअरने आले.”

यावर तो हसला, आणि मग कोय चोखणाऱ्या मनुष्याच्या सावकाशीने त्याने मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. ब्राउझर सर्व्हरकडे जी मागणी करतो तिचे मुख्य प्रकार दोन. एकाचे नाव गेट, म्हणजे ‘अमुक दाखवा’; दुसऱ्याचे पोस्ट, म्हणजे ‘अमुक नोंदवा’. मला हे ऐकताक्षणी पटले, कारण गावच्या चावडीवर हा भेद लहान मुलालाही कळतो. सात-बाराचा उतारा दहा वेळा मागितला तरी जमीन तसूभर हलत नाही. पण वारसाची वर्दी तीनदा दिली आणि तलाठ्याने ती डोळे मिटून तीनदा फेरफाराला धरली, तर मयत मनुष्य तीनदा मेल्याची नोंद होते. कुलूप ओढून पाहणे हा उतारा होता. आंबे मागवणे ही वर्दी होती. माझ्या सत्तर वर्षांच्या सवयीने या दोहोंत फरक केला नाही, हा माझा गुन्हा.

“पण त्या कारकुनाला एवढे कळू नये?” मी म्हणालो. “एकच मनुष्य, एकच पत्ता, एकच गिरणी, पाच मिनिटांत तीन अर्ज!”

तेव्हा कळले की त्या कारकुनाला स्मरणशक्तीच नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत 1989 साली या सगळ्या पसाऱ्याची योजना मांडली ती शास्त्रज्ञांची टिपणे एकमेकांना वाचता यावीत म्हणून. मग वाचकाने मागावे, सर्व्हरने द्यावे, आणि दिले की विसरून जावे, अशी रीत पडली. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण, मागल्या मागणीशी तिचा संबंध नाही. यात सोय मोठी आहे, कारण स्मरण ठेवायचे नसले की कोणत्याही खिडकीवर कोणताही कारकून बसवता येतो. पण पुढे लोकांनी वाचनालयात दुकान थाटले. आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे हे दुकानदाराला आठवायला हवे म्हणून नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी 1994 साली कुकी नावाची युक्ती काढली. म्हणजे कारकुनाने पक्षकाराच्याच खिशात एक चिठ्ठी सरकवायची आणि प्रत्येक खेपेस ती दाखवायला लावायची. विसराळू साहेबाच्या हाताखाली ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना या युक्तीचे नावीन्य वाटणार नाही.

आता त्या लाडक्या बाणाविषयी. त्याच्याबद्दलचा माझा समज, आणि माझ्यासारख्या अनेकांचा समज, असा की मागे गेले म्हणजे केलेले न केल्यासारखे होते. वास्तविक जून 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी 1.1 या, ब्राउझर व सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमपुस्तकात यासंबंधी स्वतंत्र कलम आहे आणि त्याचा आशय असा, की मागे जाण्याची सोय ही त्या वेळी जे पाहिले होते तेच पुन्हा दाखवण्यापुरती आहे. आज खरी स्थिती काय आहे, हे दाखवण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. अर्थात तो बाण म्हणजे जुन्या छायाचित्रांचा आल्बम आहे. लग्नाआधीचा फोटो काढून कितीही वेळ पाहत बसले तरी लग्न मोडत नाही. आणि फोटोतला तरुण मोकळा दिसतो म्हणून त्याने पुन्हा बोहल्यावर चढू नये. मी नेमका चढलो, आणि तोही दोनदा.

परंतु अपराध माझा एकट्याचा नव्हता, हे भाच्याने, बहुधा पुढल्या आंब्यावर नजर ठेवून, उदारपणे मान्य केले. संकेतस्थळे बांधणारी मंडळी या बाणाला पाण्यात पाहतात. कोणी तो निकामी करून ठेवतात; कोणी मागे जाऊ पाहणाऱ्याला त्याच पानावर परत आदळतात; आणि पैसे भरण्याच्या पानावर तर ‘मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका, खिडकी बंद करू नका’ अशी पाटी लावून ठेवतात. ती वाचताना मला मूल जन्मास येण्याच्या खोलीबाहेर उभे असल्यासारखे वाटते. जिन्याला कठडा न लावता ‘पडू नका’ असा फलक लावणाऱ्या घरमालकाची ही जात. मागे फिरणे हा मनुष्यस्वभाव आहे, तो फलकाने जात नाही. क्रोम या ब्राउझरने मात्र 2016 साली एक शहाणपणा केला: अक्षर खोडायची बॅकस्पेस ही कळ दाबली की पानच मागे जायचे आणि अर्धा भरलेला मजकूर गडप व्हायचा, ती सोय काढून टाकली. खोडरबराने वही जाळू नये, एवढी साधी गोष्ट. पण ती ठरवायलाही वेळ जावा लागतो.

उरला प्रश्न त्या 504 चा. मी समजत होतो त्याप्रमाणे तो अपमान नव्हता. तो शिपायाचा निरोप होता. मोठ्या संकेतस्थळात साहेब आतल्या खोलीत असतो आणि बाहेर एक शिपाई आपले अर्ज आत नेऊन देतो. ठरलेल्या मुदतीत आतून उत्तर आले नाही की शिपाई बाहेर येऊन सांगतो, ‘साहेब बोलत नाहीत.’ तेवढेच 504. साहेबाने अर्ज फेकला, की सही करून ठेवला, की तो पेंगत आहे, हे शिपायाला ठाऊक नसते. माझ्या बाबतीत साहेबाने तिन्ही वेळा निमूटपणे सही केली होती. मी दाराबाहेर उभा राहून, आपली दाद लागत नाही अशा समजुतीने, आत आंब्यांची रास रचत होतो.

या आकड्यांचे शास्त्र भाच्याने सांगितले तेव्हा मात्र माझ्यातला जुना कारकून अदबीने उठून उभा राहिला. दोनशेपासूनचे आकडे म्हणजे काम झाले. तीनशेपासूनचे म्हणजे दुसऱ्या खिडकीवर जा. चारशेपासूनचे म्हणजे पक्षकाराची चूक. आणि पाचशेपासूनचे म्हणजे आमची चूक! स्वतःची चूक कबूल करण्यासाठी आकड्यांची सबंध एक मालिका राखून ठेवणारी कचेरी मी माझ्या हयातीत दुसरी पाहिली नाही. त्यातही बारकावे किती! 404 म्हणजे कागद सापडत नाही. 410 म्हणजे कागद होता, पण आता कायमचा गेला. आमच्या अभिलेख कक्षात ‘ड’ यादीतले कागद वर्षभराने नष्ट होत, त्यांना 410 लागू. आणि बाकी जे काही विचारले जाई त्या सर्वांना 404. 503 म्हणजे तूर्त सेवा बंद, आणि त्यासोबत किती वेळाने यावे हे कळवण्याचीही सोय. ‘उद्या या’ एवढ्यावर तेहेतीस वर्षे भागवलेल्या मला हे ऐकून शरमल्यासारखे झाले. 418 तर शुद्ध थट्टा आहे. 1 एप्रिल 1998 रोजी निघालेल्या एका लटक्या नियमपत्रात, चहाच्या किटलीला कोणी कॉफी करायला सांगितले तर तिने ‘मी किटली आहे’ असे बाणेदारपणे कळवण्यासाठी तो योजला होता, आणि तो आकडा आजतागायत दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. आश्चर्य म्हणजे 420 हा आकडा अधिकृत यादीत रिकामा आहे; त्याची जागा भरायची झाल्यास आमच्याकडून उमेदवार पाठवता येतील.

तथापि आकडा असणे निराळे आणि वागणूक असणे निराळे. 500, म्हणजे ‘आमच्या अंतर्भागात बिघाड’. जुन्या दंडसंहितेत हेच कलम अब्रुनुकसानीच्या शिक्षेचे होते, आणि संकेतस्थळे ती अब्रू स्वहस्ते घालवतात. काही ठिकाणी बिघाड होताच यंत्राच्या पोटातली सगळी इंग्रजी पिशाच्चलिपी, ओळ क्रमांकासह, पाहुण्यापुढे ओतली जाते. जेवायला बोलावलेल्याला भात करपला हे सांगण्याऐवजी करपलेले पातेलेच त्याच्या मांडीवर ठेवावे तसे. काही ठिकाणी याच्या उलट, वरती 200 चा प्रसन्न शेरा मारून आत मात्र ‘काहीतरी चुकले’ असे रडगाणे गायले जाते. आणि बहुतेक ठिकाणी आपण भरलेले सोळा रकाने पुसून टाकले जातात. पक्षकाराला बिघाडाचे कारण नको असते. चूक कोणाची, काम झाले की नाही, आणि आता मी काय करू, एवढ्या तीनच गोष्टी त्याला हव्या असतात. आणि चौकशीसाठी एखादा संदर्भ क्रमांक दिला तर तो तक्रार न करता घरी जातो, हे मी शपथेवर सांगतो.

“मग यावर उपाय नाही?” मी विचारले.

“आहे की. दोन आहेत,” भाचा म्हणाला. पहिला उपाय असा, की अर्ज नोंदवल्यावर सर्व्हरने धन्यवादाचे पान तेथल्या तेथे हातात देऊ नये. 303 चा शेरा मारून ‘पोच पुढच्या खिडकीवर पाहा’ असे सांगावे. ब्राउझर मुकाट्याने पुढच्या खिडकीवर जाऊन नुसता उतारा मागतो. मग म्हाताऱ्याने ते पान शंभर वेळा ताजे केले तरी शंभर वेळा पोचच दिसते, नवा अर्ज पडत नाही. पण बाणाने मागे जाऊन जो पुन्हा कळच दाबतो, त्याचे काय? त्याच्यासाठी दुसरा उपाय: कोरा फॉर्म देतानाच त्यावर गुपचूप एक क्रमांक घालून ठेवायचा. त्या क्रमांकाचा अर्ज एकदा नोंदला गेला की दुसऱ्या खेपेस नवी नोंद न करता पहिलीचीच पोच हसतमुखाने पुढे करायची.

मी उठून भाच्याला मिठी मारायचाच बाकी होतो. हा तर आमच्या बारनिशीचा शिरस्ता! प्रत्येक कागदावर आवक क्रमांक, आणि त्याच क्रमांकाचा कागद घेऊन पक्षकार पुन्हा उगवला तर ‘हे प्रकरण दाखल आहे, बाबा, घरी जा’ असे सांगणारा बारनिशी कारकून. एवढ्या यंत्रयुगाला अखेर आमच्याच बाकावर येऊन बसावे लागले, या समाधानात मी त्याला जाताना दोन डझन आंबे बांधून दिले. त्याने ते नाकारण्याचा प्रयत्न केला. मी ती पोस्ट पुन्हा पाठवली.

यंदाच्या मोसमात मी शहाणा झालो होतो. तोच फॉर्म भरला, कळ दाबली, चक्र फिरले, पांढऱ्या पानावर 503 उमटले. जुन्या संहितेप्रमाणे फौजदारी धाकदपटशा. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. मागे गेलो नाही, रिफ्रेश केले नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. साहेबाने आत सही केलेली असणार, हे आता मला पक्के ठाऊक होते. मी अढीसाठी पेंढा आणून ठेवला, शेजाऱ्यांना सूचना दिल्या, आठ दिवस दारावरच्या घंटीकडे कान लावले. नवव्या दिवशी भाच्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामा, या वेळी अर्ज आत गेलाच नसणार. पुन्हा दाबायला हवं होतं.”

मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. मंडईच्या तोंडाशी एक आंबेवाला पेटी फोडून बसला होता. त्याच्याजवळ ना चक्र होते ना आकडे. मी दर विचारला, नेहमीची घासाघीस झाली, एक डझन घेतला, पैसे दिले, सुटे घेतले, आणि निघालो. दहा पावलांवर मला शंका आली. पैसे दिले ना आपण? मी मागे फिरलो.

“मी पैसे दिले का हो?”

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला आंबे निवडून देत होता. मान वर न करता म्हणाला, “दिलेत की, काका. वरचे वीस रुपये पण नेलेत.”

चूक कोणाची नाही, काम झाले आहे, आता घरी जा: तिन्ही उत्तरे एका वाक्यात, आणि दुसरा डझन माझ्या गळ्यात न बांधता. मी तृप्त होऊन चालू लागलो. कोपऱ्यावर पोचल्यावर स्वभावाप्रमाणे एकदा मागे वळून पाहिलेच. त्याने लांबूनच माझ्याकडे पाहिले आणि हात वर करून ओरडला, “दिलेत!”